मारुती ८०० गरम झाली की मिसिंग मारायली, गॅरेजवाला म्हणतो हेड खोलू. खोलू का?

आठशेवाली

नमस्कार मंडळी. गाडी मारुती ८००, १९९९ चं मॉडेल, कार्बोरेटरवाली. वडिलांनी नवी घेतलेली, एमएच १३ चीच. आता माझ्याकडं आहे. शाळेत जायला-यायला आणि गुरुवारी आईला अक्कलकोटला न्यायला तीच वापरते. गॅसचं किटही वडिलांनीच बसवलेलं, त्यामुळं पेट्रोलवर चालू करायची आणि पुढं गॅसवर टाकायची, असं वर्षानुवर्षं चाललंय.

त्रास असा. सकाळी थंड असताना काही म्हणजे काही नाही, एका सेल्फमध्ये चालू. जुळे सोलापूरहून शाळेपर्यंत मस्त जाते. शाळा सुटून परत येताना, टेंपरेचरचा काटा मध्यावर आला आणि सात रस्त्याच्या सिग्नलला थांबलं की खेळ सुरू. गिअरचा दांडा थरथरतो, ग्लोव्ह बॉक्सचं झाकण वाजायला लागतं, सायलेन्सरमधून एक ठोका चुकल्यासारखा फट् फट् आवाज, म्हणजे मिसिंग. कधीकधी बंदच पडते. म्हणून मी न्यूट्रलमध्ये एक्सिलरेटरवर पाय ठेवूनच सिग्नल काढते. शेजारचे रिक्षावाले बघतात. बघू देत.

सपाट रस्त्यावर साठच्या स्पीडला फारसं कळत नाही. पण तुळजापूरला गेलो तेव्हा घाटात तिसऱ्यावर ओढेचना, दुसऱ्यावर घ्यावी लागली. गाडीत आम्ही तिघीच होतो.

आतापर्यंत केलेलं: तिन्ही प्लग नवे, एअर फिल्टर नवा, कार्बोरेटर उघडून साफ, डेल्कोचं (प्रत्येक प्लगला करंट वाटून देणाऱ्या भागाचं) झाकण आणि रोटर नवा. फरक शून्य. आता दुसऱ्या गॅरेजवाल्यानं बॉनेट उघडून कान लावला आणि म्हणाला, "मॅडम, इंजिनच गेलंय, हेड खोलू, लागलं तर रिंग-पिस्टनपण करून टाकू." आकडा पंधरा-वीस हजारांच्या घरात.

हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असतात तो इंजिनाचा वरचा भाग, खोलायच्या आधी काय काय बघता येईल? मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते, त्यामुळं समजावून सांगितलं तर समजेल. गाडी विकायची नाही, तेवढा सल्ला कृपया देऊ नका.

बाळीवेसकर

विका की ओ मॅडम.

बरं, नको म्हणताय म्हणून गंभीरपणे सांगतो. पेट्रोल बघा. आता सगळीकडं वीस टक्के इथेनॉलवालं मिळतंय. आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या उसाचं इथेनॉल आपल्याच गाड्यांना नडायलंय. १९९९ च्या गाडीला ते झेपणार नाही. माझ्या मेव्हण्याच्या जुन्या बाइकचं असंच झालं, पाइप फुगून गेला होता. टाकी रिकामी करा, कार्बोरेटर परत धुवा.

सँट्रो शेळगी

माझ्या सँट्रो झिंगला असंच व्हायचं, चढावर झटके. प्लगच्या ठिणगीला करंट देणारा कॉइल पॅक बिघडलेला निघाला. त्यात दोन कॉइल असतात, एक पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरला, दुसरी दुसऱ्या आणि तिसऱ्याला. एक अर्धमेली झाली की दोन सिलिंडर एकदम बसतात. गॅरेजवाल्यानं जवळ पडलेली जुनी चालू कॉइल लावून बघितली, पाच मिनिटांत निदान. स्कॅनर लावून बघा मॅडम, ०३०२ वगैरे कोड आला तर दुसरा सिलिंडर समजायचा.

मिल फिटर

ताई, हेड खोलू नका. निदान अजून तरी नको.

मी मिलमध्ये फिटर होतो. मिल बंद पडल्यावर गॅरेज टाकलं, आता ते पोराकडं दिलंय आणि मी घरी बसून असले धागे वाचायलो. ८०० च्या इंजिनानं माझं घर चालवलंय, म्हणून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

सँट्रोवाले दादा, तुमचं बरोबर आहे पण ताईंच्या गाडीला स्कॅनर लावायला भोकच नाही. कॉम्प्युटर नसलेली गाडी आहे ती. आणि नव्या गाडीतसुद्धा ०३०२ चा कोड एवढंच सांगतो की दुसरा सिलिंडर ठोका चुकवतोय. प्लग गेलाय का वायर, का इंजेक्टर, का व्हॉल्व्ह, हे तो सांगत नाही. पोरं कोड बघतात आणि थेट कॉइल मागवतात.

ताई, तुमचे प्लग बदलले, कार्बोरेटर धुतला, झाकण बदललं. ह्यातला एकपण पार्ट तपासून बदललेला दिसत नाही. आधी एक गोष्ट ठरवायला पाहिजे होती: एकच सिलिंडर मरायलाय का तिन्ही आळीपाळीनं? तिथनं दोन वाटा फुटतात. तिन्ही मरत असतील तर जे तिघांत सामाईक आहे ते बघायचं. कार्बोरेटर, पेट्रोल, मेन कॉइल, टायमिंग. एकच मरत असेल तर जे त्या एकट्याचं आहे ते: त्याचा प्लग, त्याची वायर, त्याचे दोन व्हॉल्व्ह, त्याच्या पिस्टनभोवतीच्या रिंगा, त्याच्या तोंडचं मॅनिफोल्ड गॅस्केट (हवा आणणाऱ्या नळीच्या सांध्यातलं पॅकिंग). ८०० ला तीनच सिलिंडर, त्यामुळं एक गेला की तिसरा हिस्सा गेला. चार सिलिंडरवाल्या गाडीपेक्षा ही जास्त हलते ती त्यामुळंच.

बाळीवेसकर, इथेनॉलबद्दल. पेट्रोलमध्ये इथेनॉल वाढलं की जुन्या कार्बोरेटरचं मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं, हे खरं. रबरी पाइप खराब होतात हेपण खरं, ताईंनी ते पाइप बदलून घ्यावेत, वास आला तर त्याच दिवशी. पण एका कार्बोरेटरमधनं तिघांना माल जातो. पेट्रोलनं त्रास दिला तर तिघांना देईल. आणि ह्या गाडीत गॅस आहे. गॅसवर टाकल्यावरपण सात रस्त्याला थरथरत असेल तर इथेनॉलला कशाला शिव्या देता?

म्हणून ताई, आधी हे सांगा. गॅसवर आणि पेट्रोलवर त्रास सारखाच का? घाटात गाडी झटके देत होती का नुसतीच ओढत नव्हती? आणि सिग्नलला रेस वाढवली की थरथर जाते का नुसती कमी होते?

कशाला विचारतोय तेपण सांगतो, विज्ञानवाल्या आहात. प्लगच्या दोन टोकांत ठिणगी पडायला किती जोर लागतो हे आतल्या दाबावर असतं. चढावर पाय दाबला की सिलिंडरमध्ये जास्त हवा भरते, दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. अर्धमेली वायर, अर्धमेली कॉइल तिथं हात टेकते. म्हणून करंटचं मिसिंग चढावर झटक्यानं कळतं, आणि पेट्रोलपेक्षा गॅसवर आधी कळतं, कारण गॅसला ठिणगी जोरकस लागते. ह्याच्या उलट, कुठून तरी जास्तीची हवा आत शिरत असेल किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर ते स्लो रेसला नडतं. स्लोला इंजिन हवाच थोडी घेतं, त्यात चोरून आलेली हवा भारी पडते. आणि फेरे सावकाश असल्यामुळं दाब गळून जायला वेळपण मिळतो. रेस वाढवली की झाकून जातं.

तुमचं वर्णन वाचून मला करंटचा संशय कमी येतोय. पण संशयावर पार्ट घ्यायचे नसतात.

आठशेवाली

काका, इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. आज मुद्दाम बघितलं. पेट्रोलवर आणि गॅसवर त्रास अगदी सारखा. घाटात झटके नव्हते, नुसती दमल्यासारखी चालत होती, आवाज भरपूर आणि पुढं सरकणं कमी. रेस वाढवली की थरथर जवळजवळ जाते.

आता कुठला सिलिंडर ते कसं शोधायचं?

मिल फिटर

दोन पद्धती सांगतो, दोन्ही बिनपैशाच्या.

पहिली. गाडी पूर्ण गरम करा, त्रास सुरू होऊ द्या, हँडब्रेक लावून न्यूट्रलला स्लोवर ठेवा. रबरी मुठीची कोरडी पकड घ्या, हातात रबरी मोजा घाला, वायरची टोपी धरून एका प्लगची वायर काढा. इंजिन लगेच बसलं पाहिजे, म्हणजे मरायला लागलं पाहिजे. परत लावा. मग दुसरी, मग तिसरी. जी वायर काढल्यावर इंजिनाला काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच मेलेला आहे. काढलेली वायर हवेत लांब धरून करंट किती लांब उडतो ते बघत बसू नका. पोरं मजा म्हणून करतात, पण वाट मिळाली नाही की तो करंट डेल्कोतलं इलेक्ट्रॉनिक युनिट जाळतो. दोन सेकंद काढायची, लावायची. आणि गॅसचा वास येत असेल तर हे काहीच करायचं नाही, आधी टाकीचा कॉक बंद.

सँट्रोवाले दादा आणि बाकीचे, तुमच्या गाड्यांना हे करू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो भाग महाग आहे. तुमच्याकडं इंजेक्टरचं सॉकेट काढून हीच परीक्षा करायची.

दुसरी पद्धत ज्यांना वायरची भीती वाटते त्यांना. सायलेन्सरकडं जाणाऱ्या मॅनिफोल्डच्या तीन नळ्या हेडमधनं जिथं बाहेर पडतात तिथं पाण्याचा एकेक थेंब टाकायचा. दोन ठिकाणी चर्र करून उडेल, मेलेल्या सिलिंडरच्या नळीवर थेंब रेंगाळेल. पण हे गाडी नुकती चालू केल्यावर कळतं. सगळं तापल्यावर शेजारच्या उष्णतेनं तीपण तापते आणि फरक दिसत नाही. तुमचा त्रास गरम झाल्यावरचा, तेव्हा तुम्हाला पहिलीच पद्धत.

आठशेवाली

झालं. शेजारच्या काकांना सोबत उभं केलं होतं, त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा घाबरलेला.

पहिली वायर काढली, इंजिन बसायला लागलं. तिसरी काढली, तसंच. मधली काढली, ढिम्म फरक नाही. सकाळी गाडी थंड असताना परत करून बघितलं, तेव्हा मधली काढल्यावरही इंजिन थोडं बसलं. म्हणजे थंडीत दुसरा सिलिंडर थोडाफार काम करतो आणि गरम झाल्यावर गप्प बसतो. तिन्ही प्लग काढून ठेवलेत. पहिला आणि तिसरा कोरडे, तपकिरी. दुसरा काळपट आणि ओलसर, पेट्रोलचा वास येतोय.

म्हणजे दुसऱ्याला करंट येत नाही असंच ना?

मिल फिटर

तसं वाटतं खरं, आणि इथंच वायर विकली जाते.

ओल्या प्लगचा अर्थ एवढाच की माल आला आणि जळला नाही. ठिणगी नसली तरी जळत नाही, दाब नसला तरी जळत नाही. पण तीन प्लगपैकी एकच काळा, बाकी दोन तपकिरी, ह्यानं कार्बोरेटर सुटला. तो श्रीमंत चालत असता, म्हणजे पेट्रोल जास्त देत असता, तर तिन्ही काळे दिसले असते. धुवायचे पैसे उगाच गेले तुमचे.

आता अदलाबदल. दुसऱ्याचा प्लग तिसऱ्याला, तिसऱ्याचा दुसऱ्याला. गाडी गरम करून परत वायर काढून बघा. मरण प्लगबरोबर तिसऱ्याकडं सरकलं तर प्लग खराब, नवा असला तरी. नवा प्लगपण खराब निघतो. हातातनं पडलेला असतो, आतल्या चिनी मातीला केसाएवढी चीर गेलेली असते. नाही सरकलं तर वायर. वायरी लांबीला कमीजास्त असतात, पण दुसरीची आणि तिसरीची डेल्कोवरची आणि प्लगवरची, दोन्ही टोकं पोचत असतील तर त्याही बदलून बघा. टोक चुकवू नका, ८०० ची फायरिंग १-३-२ आहे. झाकणावरचं एक टोक चुकलं की भलतीच गाडी हातात येते.

मीटर असेल तर वायरी मोजा. आत कार्बनचा दोरा असतो, त्यामुळं शून्य कधीच येणार नाही, काही हजार ओहम दाखवेल. आकडा किती ह्यापेक्षा तिघींत वेगळी कोण ते बघायचं. मोजताना वायर हळूच वाकवा. आतला दोरा तुटलेला असेल तर वाकवल्यावर आकडा पळतो. गरम इंजिनावर लगेच मोजलेलं बरं, थंड झाल्यावर तुटलेला दोरापण कधी कधी टेकून बसतो.

आणि एक रात्रीचं काम. घरचे झोपले की अंगणात दिवे बंद करून बॉनेट उघडा, इंजिन चालू ठेवा, फवाऱ्याच्या बाटलीनं वायरींवर पाण्याचं नुसतं धुकं मारा. गळती असेल तर निळ्या ठिणग्या सरपटताना दिसतात. पाणी यायच्या दिवशी करा म्हणजे घरात बोलणी बसणार नाहीत.

बाळीवेसकर

काका, तुम्ही मॅडमना गॅरेज टाकायला लावणार आता.

मी इथेनॉल मागं घेतो. पण पाइपचं बोललो ते खरं होतं की नाही?

मिल फिटर

पाइपचं खरं. दहापैकी तीन मार्क.

आठशेवाली

प्लग बदलला, मरण दुसऱ्यातच. वायर बदलली, तरी दुसऱ्यातच. शाळेच्या प्रयोगशाळेतला मीटर आणला होता, तिन्ही वायरींचे आकडे लांबीच्या हिशेबात जवळजवळ. रात्रीचा प्रयोगही केला. निळं काही दिसलं नाही, डास मात्र भरपूर चावले.

म्हणजे करंट सुटला ना?

मिल फिटर

सुटला. आता दोनच उरले, हवा आणि दाब.

हवा म्हणजे दुसऱ्या सिलिंडरच्या तोंडचं मॅनिफोल्ड गॅस्केट. तिथनं हवा शिरत असेल तर मिश्रण त्या एकट्याचं पातळ होतं. पण तसं असतं तर प्लग पांढरट दिसला असता, तुमचा काळा आणि ओला आहे. तरी बघून घ्या: साबणाचं पाणी करून मॅनिफोल्ड आणि हेडच्या सांध्यावर ब्रशनं लावा. फेस आत ओढला गेला किंवा इंजिनाचा आवाज बदलला तर गळती. पेट्रोल किंवा कार्ब क्लीनरचा स्प्रे मारून बघायचा शहाणपणा गरम सायलेन्सरवर करू नका.

मग दाब. ह्याला गेज लागतो, गॅरेजमध्ये असतो. तिथं उभं राहून करून घ्या, कारण घाईत करणारे चुकीचा आकडा काढतात. इंजिन गरम पाहिजे. तिन्ही प्लग काढलेले पाहिजेत, एकच काढून नाही. कॉइलची वायर सोडलेली, गॅसचा कॉक बंद. आणि कुणीतरी आत बसून एक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरला पाहिजे, नाहीतर हवाच आत जात नाही आणि तिन्ही आकडे कमी येतात. मग मेकॅनिक म्हणतो, "बघा, इंजिन गेलं." बॅटरी दमदार असू द्या. प्रत्येकाला सारखेच ठोके.

कमी येईल त्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातनं चमचाभर इंजिन ऑइल टाकायचं आणि परत मोजायचं. आकडा चांगलाच वर आला तर रिंगा झिजल्यात, कारण ऑइलनं रिंगांची फट बुजली. जागेवरच राहिला तर रिंगा ठीक, दाब वरनं जातोय.

आठशेवाली

फेस जागच्या जागी, मॅनिफोल्ड ठीक.

दाब मोजून घेतला, तुम्ही सांगितलं तसं उभं राहून. एक्सिलरेटर मीच दाबून धरला. मेकॅनिक म्हणाला, "कुणी शिकवलं तुम्हाला?" आकडे पीएसआयमध्ये: पहिला १६५, दुसरा १०५, तिसरा १६०. दुसऱ्यात ऑइल टाकून ११०.

पाणी कमी होत नाही, ऑइल दुधाळ नाही, धूर नाही.

मिल फिटर

आता बोलायला मजा आली.

रिंगा नाहीत. ऑइलनं पाचाचा फरक म्हणजे काहीच नाही. तुमच्या गॅरेजवाल्याचं रिंग-पिस्टन इथंच बाद. हेड गॅस्केट दोन सिलिंडरच्या मधनं गेलं असतं तर शेजारचापण पडला असता, पहिला किंवा तिसरा. पाण्याकडं गेलं असतं तर पाणी कमी झालं असतं. राहिला व्हॉल्व्ह. दुसऱ्याचा एक व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, बहुतेक एक्झॉस्टचा, म्हणजे धूर बाहेर सोडणारा. रिंग गेलेल्या कुकरसारखं झालंय, खाली गॅस कितीही मोठा करा, शिट्टी होत नाही.

पण व्हॉल्व्ह बसत नाही म्हणजे जळलाच असं नाही. त्याला बसू देत नसतील तर? ८०० ला टॅपेट हातानं सेट करायचे असतात. व्हॉल्व्हचा दांडा आणि त्याला दाबून उघडणारा रॉकर ह्यांच्यामध्ये कागदाएवढी फट ठेवावी लागते, कारण दांडा तापला की लांबतो. फटच ठेवली नाही तर थंडीत बसतो आणि गरम झाल्यावर रॉकरवर टेकून किंचित उघडा राहतो. तुमचा त्रास काय आहे? थंडीत ठीक, गरम झाल्यावर मेला.

दोन प्रश्न. मागच्या वर्षभरात कुणी "टॅपेटचा आवाज येतोय" म्हणून टॅपेट आवळून दिलेत का? आणि गॅसवर किती चालवता?

आठशेवाली

दिवाळीच्या आधी सर्व्हिसिंगला दिली होती. टकटक येते म्हणून त्यांनीच टॅपेट सेट केले आणि म्हणाले, बघा कशी लोण्यासारखी चालायली. खरंच आवाज अजिबात येत नव्हता.

गॅसवर जवळजवळ सगळं. पेट्रोलवर फक्त चालू करण्यापुरती.

मिल फिटर

मिळालं उत्तर. दोन्हीपण कारणं तीच.

गिऱ्हाइकाला टकटक आवडत नाही, म्हणून काही जण फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) न लावता कानानं आवळतात. आवाज गेला की गिऱ्हाईक खूश. पण आवाज करणारा टॅपेट फार तर कानाला त्रास देतो. गप्प बसलेला एक्झॉस्टचा टॅपेट व्हॉल्व्ह जाळतो. एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हला गार व्हायला एकच जागा, सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बसायच्या कड्यावर, टेकलेला असतो तेवढा वेळ. टेकलाच नाही तर उष्णता जाणार कुठं? फटीतनं आगीची फुंकर चालू राहते आणि कड जळत जाते.

वरनं गॅस. गॅस कोरडा, त्यात पेट्रोलसारखा ओलावा नाही, सीट हळूहळू झिजते आणि व्हॉल्व्ह वर सरकतो. म्हणजे ठेवलेली फटपण आपोआप कमी होत जाते. म्हणून गॅसवरच्या ८०० चे टॅपेट पेट्रोलवालीपेक्षा लवकर तपासावे लागतात. किट बसवणारा हे कधी सांगत नाही.

आता हेडचं वरचं झाकण काढून टॅपेट सेट करा. त्याला हेड खोलावं लागत नाही, टायमिंग बेल्टला हात लावायचा नाही. झाकणाचं रबरी गॅस्केट नवं आणून ठेवा. इंजिन पूर्ण थंड पाहिजे, म्हणजे आपल्याकडं ह्या दिवसांत पहाटे. अकराला उन्हात उभी असलेली गाडी थंड नसते, चालू केली नसली तरी. प्लग काढा, चौथा गिअर टाका, एकानं गाडी हळूहळू ढकलायची, इंजिन अलगद फिरतं. ज्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर मोकळे, पिस्टन वर, त्याचे टॅपेट तपासायचे. थंड इंजिनाची फट आणि गरम इंजिनाची फट वेगवेगळी असते, इनटेकची (माल आत घेणाऱ्या व्हॉल्व्हची) आणि एक्झॉस्टचीपण वेगळी असू शकते. मॅन्युअलमधला थंडचा आकडा घ्या.

खरी मेख नटात आहे. स्क्रू बरोबर बसवला, फिलरची पात किंचित धरून निघायली, आणि नट आवळला की स्क्रू नटाबरोबर थोडा फिरतो आणि फट परत बंद. म्हणून स्क्रू ड्रायव्हरनं दाबून धरायचा, नट आवळायचा, आणि आवळल्यानंतर पात परत घालून बघायची. ही शेवटची पात कुणी घालत नाही. तुम्ही समोर उभं राहून घालायला लावा.

सँट्रो शेळगी

काका, एखादा व्हिडिओ करा की.

मिल फिटर

पोरगं म्हणतं तेच. मला कॅमेऱ्यासमोर हातच चालत नाही.

आठशेवाली

आज पहाटे सहाला मेकॅनिकला घरी बोलावलं. आधी नको म्हणाला, मग चहा-पोहे ठरल्यावर आला.

झाकण काढलं. इनटेकच्या तिन्ही फटी थोड्या कमी, पण होत्या. एक्झॉस्टला पहिला आणि तिसरा तंग. दुसऱ्यात गेजमधली सगळ्यांत पातळ पातसुद्धा शिरेना, रॉकर हातानं हलतच नव्हता. मेकॅनिक स्वतःच म्हणाला, "अरे देवा, हा तर दाबून बसलाय." सहाही सेट केले. नट आवळल्यावर मी पात परत घालायला लावली आणि एकदा खरंच फट बंद झालेली निघाली. परत केलं.

मग गाडी फिरवून गरम करून दाब मोजला. दुसरा १४५. सात रस्त्याला मुद्दाम सिग्नल लागेपर्यंत हळू गेले. थरथर नाही, ग्लोव्ह बॉक्स गप्प, पाय एक्सिलरेटरवरून काढला तरी चालू. आता बारीक टिकटिक ऐकू येते आणि आई म्हणते काहीतरी बिघडलंय.

१४५ चं काय? बाकीचे १६० च्या वर आहेत.

मिल फिटर

आईंना सांगा, ती टिकटिक राहू द्यायची आहे.

१४५ म्हणजे व्हॉल्व्हच्या कडेला थोडा डाग पडलाय. नीट बसायला लागला की कधी कधी आकडा सुधारतो, कधी नाही. हजारभर किलोमीटर चालवा आणि परत पहाटे फटी तपासा. दुसऱ्याची फट तशीच असेल तर निवांत चालवा. ती परत बंद होत आली असेल तर सीट खचायलीय, मग मात्र हेड काढून सीट आणि व्हॉल्व्हचं काम करून घ्यावं लागेल. तेव्हापण तेवढंच. रिंग-पिस्टनला हात लावू द्यायचा नाही, ऑइलच्या परीक्षेत त्या पास झाल्यात.

मधल्या काळात रोज थोडी पेट्रोलवर चालवा. आणि गाडी बंद पडू नये म्हणून कुणी स्लो रेस वाढवून ठेवली असेल तर ती परत खाली आणा, नाहीतर पेट्रोल उगाच पीत राहील.

बाळीवेसकर

काका, माझी ओम्नी आहे, गॅसवरची. ती पण सिग्नलला थोडी थरथरते. मीपण टॅपेट करून घेऊ का?

मिल फिटर

इंजिन तेच आहे ओ, पुढच्या सीटखाली. सीट उचलायची, गॅसचा कॉक बंद करायचा. पण टॅपेटला नंतर हात लावा. गरम करून एकेक वायर काढून बघा आणि कुठला सिलिंडर ते इथं लिहा. आणि रबरी मोजा घाला, तिथं जागा कमी आहे, कोपर लागतं.